बसणाऱ्यास पोटभर

"चपला काढ," अण्णा म्हणाले.

मी काढल्या.

"आणि ती पर्स?"

"अहो अण्णा, पर्समध्ये काय असणार? रुमाल आणि एसटीपुरते सुटे पैसे!"

"काट्यावर रुमालसुद्धा भरतो. ठेव खाली."

वैरागच्या भर बाजारपेठेत, सकाळी नऊ वाजता, ज्या लोखंडी काट्यावर गुळाच्या ढेपा आणि शेंगदाण्याची पोती चढवायची त्याच काट्यावर माझ्या सख्ख्या बापानं मला उभं केलं होतं. मी एकवीस वर्षांची, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झालेली, आणि आकुर्डीच्या एका कारखान्यात नकाशे ट्रेस करायची नोकरी लागल्याचं पत्र माझ्या ट्रंकेत. समोरच्या शिंप्यानं शिलाई मशीन थांबवलं होतं आणि दोन गिऱ्हाइकांना घेऊन तो तमाशा बघत होता. माझी कानशिलं तापली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

हे सगळं थोरल्या आप्पांमुळे. आप्पा म्हणजे अण्णांचे मोठे भाऊ. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि अण्णा तर त्यांच्यापुढं मान वर करत नसत. पंधरा दिवस आप्पांचं एकच पालुपद चाललं होतं. "परमुलखात पोरगी एकटी खाणार काय? हॉटेलात? खंगून, आजारी पडून परत येईल. मग कोण करून घेणार तिला?" शेळगावचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. मुलाचा पिठाच्या गिरणीचा धंदा होता.

मी भांडले. आई रडली. अण्णा गप्प. आणि सोळाव्या दिवशी हे गप्प बसलेले अण्णा काय बोलले असतील? "दादा, आपण वजन करू. आज करू, दिवाळीच्या पाडव्याला परत करू. उतरलं तर नोकरी बंद. काटा सांगेल ते खरं."

आप्पांना ते पटलं, कारण अण्णांच्या काट्यावर गावात कुणी शंका घेत नसे. दुकानात गल्ल्याच्या वर एक फळी होती, तिच्यावर लाल अक्षरात लिहिलेलं, 'मापात पाप नको'. दर दिवाळीला अण्णा पेंटरला बोलावून ती अक्षरं नव्यानं रंगवून घेत. एकदा तूरडाळ मूठभर कमी गेली म्हणून भर उन्हात मानेगावच्या रस्त्यानं गिऱ्हाइकामागं चालत गेलेला माणूस तो. बापानं आपली बाजू घ्यावी एवढीच माझी इच्छा होती, आणि यानं मला गुळाच्या ढेपेसारखं तोलायला काढलं होतं.

काट्याची दांडी आतल्या बाजूला, माझ्या पाठीमागं. अण्णांनी दांडीवरचं वजन सरकवलं, वाकून पाहिलं, परत थोडं सरकवलं. बराच वेळ लावला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

मग खडू घेऊन दाराच्या आतल्या फळीवर मोठ्ठे आकडे काढले, ४८.

आप्पा बाहेर पोत्यावर बसून पान जुळवत होते. "पाव किलो जरी कमी भरली ना," ते म्हणाले, "तर परत जायचं नाही. शेळगावकरांना मी थांबवून ठेवतो."

"थांबू देत. उभे राहून पाय दुखतील त्यांचे," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

अण्णा स्टँडपर्यंत ट्रंक घेऊन आले. खिडकीतून शेंगाच्या चटणीचा डबा आत दिला. "वेळेवर जेवत जा," म्हणाले. मी "हूं" म्हटलं आणि दुसरीकडं बघितलं. गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

आकुर्डीत मला कॉट मिळाली ती एका पेंडसेबाईंच्या घरी. बाई स्वच्छ, खोली स्वच्छ, आणि भिंतीवर स्वच्छ अक्षरात नियम. स्टोव्ह नाही, हिटर नाही, इस्त्री नाही. म्हणजे चहाचं आधणसुद्धा ठेवायचं नाही. कारखाना जेमतेम शंभर माणसांचा, कँटीनच्या नावानं एक चहाची टपरी.

पहिल्याच रविवारी मी टॉकीजच्या व्हरांड्यात गेले. तिथं लाल-पिवळे दिवे फिरणारं वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य होतं, 'धैर्य धरा, यश तुमचेच आहे.' वजन होतं एक्कावन्न.

एक्कावन्न? तीन किलो वर? आठवडाभर तर मी वडापाव खात होते! क्षणभर हरखले, मग अक्कल ठिकाणावर आली. अण्णांचा काटा चुकणं शक्य नाही. म्हणजे हे मशीनच तीन किलो जास्त दाखवतंय. ठीक आहे. दर वेळी तीन वजा करायचे आणि अठ्ठेचाळीसच्या खाली जायचं नाही. तिकीट मी जपून ठेवलं.

मग माझी शोधयात्रा सुरू झाली. आकुर्डी ते निगडी, एकही गल्ली सोडली नाही. उडुप्याकडची राइसप्लेट झकास, पण दोन वेळा खाल्ली तर वीस तारखेला पगार संपून पुढचे दहा दिवस निर्जळी. गाड्यावर भुर्जीपाव स्वस्त, पण आम्ही लिंगायत, अंडं चालत नाही. एका मठात गुरुवारी प्रसाद मिळायचा, पण आठवड्याला गुरुवार एकच येतो. वडापाव बारा दिवस खाल्ला. तेराव्या दिवशी ड्रॉइंग बोर्डावर डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि टी-स्क्वेअर हातातून खाली पडला.

शेवटी ढमाले मामींची खानावळ सापडली. पत्र्याचं छप्पर, चार लांब टेबलं, बाकडी, आणि आतून येणारा फोडणीचा असा वास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दारावर पाटी. 'घरगुती जेवण. बसणाऱ्यास पोटभर. डबा, चपात्या चार. रविवारी संध्याकाळी बंद.' दर मला परवडणारा.

मी आत पाय टाकला आणि तीस माना वर झाल्या. सगळे पुरुष, कारखान्यांतले कामगार, निम्मे बनियनवर.

"काय पायजे?" मामी गल्ल्यावरून ओरडल्या. पन्नाशीच्या, भक्कम बांध्याच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"जेवायला."

"डबा लाव पोरी. बायकांना डबा. इथं बसायचं न्हाई."

"का?"

"का म्हंजे? हे बाप्ये बनियनवर जेवत्यात. बाई समोर आली की त्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाई."

दुसरा काही इलाज नव्हता. डबा लावला. उघडून बघते तर चपात्या तीन. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मामी, पाटीवर चार लिहिलंय."

"बायकांना तीन. एक उरतीच तुमची."

"आणि पैसे?"

"पैसे तेवढेच की!"

मी दातओठ खाल्ले, पण डबा घेतला. तीन चपात्या, पळीभर भाजी, बोटभर आमटी. दुसऱ्या दिवशी कारखान्यात न्यायला त्यातलाच अर्धा ठेवायचा. दोन महिन्यांत ब्लाउजला आतून दोनदा टाके घालावे लागले. सप्टेंबरात एका रविवारी पुन्हा मशीनवर चढले. खटकन तिकीट आलं, पंचेचाळीस.

त्यातून तीन गेले, बेचाळीस!

मी तिथंच टॉकीजच्या पायरीवर बसले. पाडवा सहा आठवड्यांवर. डोळ्यांपुढं दाराच्या फळीवरचा तो खडूचा आकडा, पोत्यावर पान जुळवत बसलेले आप्पा, आणि शेळगावची ती गिरणी. नोकरी मला आवडत होती हो! साहेबांनी नुकतीच गिअरबॉक्सची अख्खी शीट माझ्या एकटीच्या हाती दिली होती. खाली कोपऱ्यात लिहायचं, 'ट्रेस केले, म. शेटे'. महानंदा शेटे म्हणजे मी. ते नाव त्या कोपऱ्यातून मी पुसू देणार नव्हते. असल्या तीन चपात्यांपायी तर नाहीच नाही.

सोमवारी संध्याकाळी मामींकडून डबा घेतला आणि खानावळीच्या पायरीवरच बसून उघडला. तीन चपात्या खाल्ल्या. मग हाक मारली.

"मामी, चपाती वाढा."

"डबा संपला की घरी जायाचं!"

"पाटी वाचा. बसणाऱ्यास पोटभर. मी बसलेय."

आत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आत बसणाऱ्यास!" मामी कडाडल्या.

"आत, असं लिहिलेलं नाही."

मामींनी तोंड फिरवलं. मी हटले नाही. रिकामा डबा उघडा ठेवून शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत तिथंच बसले. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. बोलले काही नाही, भांडले नाही. पण दारात कुणी रिकामा डबा घेऊन बसलं असेल तर आतल्याला पाचवी चपाती मागवत नाही. माणसं लवकर उठायला लागली. परातीत चपात्या उरायला लागल्या.

गुरुवारी मामी दोन चपात्या हातात घेऊन आल्या. "घे. गिळ आणि ऊठ. माझ्या धंद्यावर का धरणं धरलंयस?"

मी खाल्ल्या. "अजून दोन."

"अगं बया!" असं म्हणत त्या आत गेल्या, पण दोन आणल्या.

अकरा दिवस मी त्या पायरीवर जेवले. आणि एक गंमत झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याजवळूनच जावं लागायचं, त्यामुळं एकेकजण शर्ट घालून यायला लागला. बनियनवर पोरीला ओलांडून जायचं म्हणजे लाजच वाटायची. बाराव्या दिवशी बाबुराव लांडे नावाचे एक वयस्कर टर्नर हात धुऊन गल्ल्याशी गेले.

"मामी, सगळ्यांच्या अंगात आता शर्ट हायेत. पोरीला आत घ्या की. ती दारात बसती आन् घास आमच्या घशात अडकतो."

मामींनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. खरंच, एक बनियन दिसत नव्हतं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ये बाई. ये! बस माझ्या डोक्यावर!"

मी पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकड्यावर बसले. ताट आलं. त्या संध्याकाळी मी नऊ चपात्या खाल्ल्या. भात दोनदा घेतला. मामी शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"अगं, तू बाई हायेस का जातं?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. काटा, खडूचा आकडा, पाडवा, शेळगाव. मामींनी कपाळावर हात मारला.

"म्हंजे बाप तुला तोलतो? गुळावानी?"

"हो."

"कसला म्हणायचा हा बाप!"

"तसलाच," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्या दिवसापासून माझी दिवाळी ही मामींचीही झाली. माझ्या आमटीत न मागता तुपाची धार पडायची. "किती दिवस ऱ्हायले?" रोज विचारायच्या. पुढं आमच्या पॅकिंग खात्यातल्या दोघी जणीही माझ्याबरोबर बसायला लागल्या. आणि मामींनी एक दिवस पाटीवरच्या चारच्या आकड्याकडं बोट दाखवून डबा भरणाऱ्या बाईला सांगितलं, "सगळ्यांना चार. बायका असू दे न्हाईतर बाप्ये."

निघायच्या आदल्या दिवशी मी मशीनवर गेले. तिकीट आलं, अठ्ठेचाळीस. तीन वजा. पंचेचाळीस.

दुपारी खानावळीत कुणी नव्हतं. तिकीट मामींपुढं ठेवलं. "तीन किलो कमी पडले मामी."

मामींनी तिकीट उलटून-पालटून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "किलोची तीन वजनं परकराच्या आत बांध कमरेला. कुणाला कळतंय?"

"दुसऱ्या कुणाचा काटा असता तर बांधली असती. अण्णांच्या काट्यावर नाही."

"मग करणार काय?"

"भांडणार. कमी भरले तरी परत येणार. माझं ताट बंद करू नका."

मामींनी दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर बाकड्यावर बसल्या. "एकवीस वर्सं खानावळ चालवती," घास घेत म्हणाल्या, "पण हितं बसून आजच जेवतीय. उभ्यानंच खाल्लं आजवर." मग आम्ही दोघी पोटभर जेवलो.

पाडव्याच्या सकाळी दुकानात काट्याला झेंडूची माळ होती, हळदकुंकू लावलं होतं. मी ट्रंक उघडलीच नव्हती. मनाशी ठरवलं होतं, ती आहे तशी उचलून दुपारच्या गाडीनं जायचं. गल्ल्यावरच्या फळीकडं लक्ष गेलं. 'मापात पाप नको'ची अक्षरं उडालेली, धुळकट. अण्णा यंदा पेंटरला विसरले की काय, असं एकदा वाटलं. पण तेव्हा अण्णांची काळजी करायला मला वेळ नव्हता.

आप्पा आले ते चष्मा पुसतच. "या खेपेला दांडी मी बघणार."

"बघ की दादा," अण्णा म्हणाले आणि बाजूला झाले.

मी चपला काढल्या, पर्स ठेवली, काट्यावर चढले. आवाज खणखणीत लागला.

"आप्पा, आधीच सांगते. कमी भरलं तरी मी परत जाणार आहे. माझी ट्रंक बांधलेलीच आहे. शेळगावकरांना सांगा, गिरणी त्यांची त्यांना लखलाभ."

"काय ही जीभ! ऐकलीस का रे?" आप्पा अण्णांना म्हणाले.

मागं दांडीवरचं वजन सरकल्याचा आवाज आला. मग थांबला. परत सरकलं. आप्पांनी चष्मा कपाळावर घेतला, परत नाकावर घेतला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "वर शंभरेक ग्रॅम."

माझा कानांवर विश्वास बसेना. आप्पांनी दाराच्या फळीवरचा खडूचा आकडा बघितला, परत दांडी बघितली. माणूस हट्टी, पण शब्दाचा पक्का. "बरं. जा," म्हणाले. "पुढच्या दिवाळीला परत बघू." आणि छत्री उचलून निघून गेले.

आनंदानं नाचावं की काय करावं? पण माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. मी पर्समधून ती तिन्ही तिकिटं काढली आणि गल्ल्यावर ठेवली.

"अण्णा, तुमचा काटा बिघडलाय."

अण्णांनी झटकन वर पाहिलं. दुसरी कुठलीही शिवी त्यांनी ऐकून घेतली असती. "माझा काटा?"

"आकुर्डीचं मशीन तीन किलो जास्त दाखवतं. हे बघा, गेले तेव्हा एक्कावन्न. म्हणजे तुमचे अठ्ठेचाळीस. परवा अठ्ठेचाळीस, म्हणजे तुमच्याकडं मी पंचेचाळीस भरायला पाहिजे."

अण्णांनी सरकारी शिक्क्याची वजनं आणली. दोन वीसची, एक पाचाचं, एक दोनाचं, एक किलोचं. एकेक करून काट्यावर ठेवली. दांडी अठ्ठेचाळीसवर होती तशीच. ती इकडं नाही की तिकडं नाही, मधोमध उभी राहिली.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी पहिलं तिकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं. "मशीनही बरोबर आहे."

"दोन्ही कसं बरोबर असेल? मग चुकलं कोण?"

अण्णा वजनं एकेक करून खाली उतरवत राहिले. शेवटचं किलोचं हातातच धरून म्हणाले, "यंदा पाटी रंगवली नाही मी. बघितलंस ना?"

मी फळीकडं बघितलं. मग गल्ल्यावरच्या तिकिटांकडं.

"त्या दिवशी मी एक्कावन्न भरले होते?"

"एक्कावन्नला थोडं वरच."

"आणि तुम्ही..."

"परक्या गावात माणूस पहिले दोन-तीन महिने उतरतंच. कुणीही उतरतं."

"मग आप्पांना सरळ सांगायचं होतं ना, की जाऊ दे पोरीला म्हणून!"

अण्णा हातातल्या वजनाकडं बघत होते. "दादापुढं मला कधी बोलता आलं नाही गं. पन्नास वर्षं झाली, तोंडच उघडत नाही. म्हणून काट्याला बोलायला लावलं."

पाच महिने मी या माणसाचा राग राग केला होता. त्यांची दोन पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नव्हतं. मी तिथंच, गुळाच्या ढेपेला टेकून, हमसून हमसून रडले. समोरच्या शिंप्यानं परत मशीन थांबवलं. थांबवू दे!

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं दाराच्या फळीवरचे ४८ पुसून टाकले. चांगले घासून पुसले.

"चपला घाल," म्हणाले. "आई जेवायची थांबलीय." आणि मी उठून पायरीपर्यंत गेले, तेव्हा मागून म्हणाले, "महानंदा, पुढच्या वर्षी खरंच एक्कावन्न भरून ये. मला पाटी रंगवायचीय."

पुढच्या पाडव्याला मी बावन्न भरले. पेंटरला मी स्वतः जाऊन बोलावून आणलं.